इटालियन शिकायला इटलीत कुठे जावं: पेरूजा, सिएना की फ्लॉरेन्स?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी,

इतिहासात एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. कॉलेजात असल्यापासून संध्याकाळच्या क्लासला इटालियन शिकतेय, बी१ झालंय (ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांतली तिसरी). एम.ए. संपलं की वर्षभर इटलीत राहून भाषा आणि संस्कृती नीट शिकायची असं ठरवलंय.

कारणही सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. सोळाव्या-सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आलेले इटालियन लोक हा माझा विषय आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ साली भारतात आला, कोचीत आणि गोव्यात राहिला आणि १५८८ साली गोव्यातच वारला. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी १६२३ साली गोव्यात उतरला. व्हेनिसचा निकोलाओ मनुची तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत शिवाजी महाराजांशी बोलणं झाल्याचं त्याने लिहून ठेवलंय. ही सगळी माणसं आपण इंग्रजी भाषांतरातून वाचतो, नाहीतर त्या इंग्रजीच्या मराठी भाषांतरातून. मला मूळ कागद वाचायचे आहेत.

तीन पर्याय समोर आहेत. पेरूजाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ, सिएनाचं तसंच विद्यापीठ, आणि फ्लॉरेन्समधला एका अमेरिकन विद्यापीठाचा कार्यक्रम. फ्लॉरेन्सचा अभ्यासक्रम पाहून हरखून गेले, पण शिकवणं बरंचसं इंग्रजीत आहे आणि फी डॉलरमध्ये. बाबांचं म्हणणं, नाव मोठं असेल तिथे जा. आईला काळजी राहण्याची. कोणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

मेधा_व

सायली, विषय फार सुंदर निवडलायस. मी पेरूजाला शिकले, नंतर काही वर्षं तिथेच भाषांतराचं काम केलं, त्यामुळे माझं माप त्या बाजूला झुकणार हे आधीच सांगते.

पेरूजाला परदेशी लोकांसाठी इटालियन संस्कृतीचे वर्ग १९२१ साली सुरू झाले आणि १९२५ पासून ते रीतसर विद्यापीठ आहे. इमारत म्हणजे पालाझ्झो गालेंगा हा अठराव्या शतकातला वाडा. समोर एत्रुस्कन लोकांनी बांधलेली नगरवेस उभी आहे, रोमनांच्याही आधीची. खालचे थर एत्रुस्कन, वर रोमन अक्षरं आणि त्याहून वर पुढच्या काळातली गच्ची. तू इतिहासाची विद्यार्थिनी आहेस, तुझी पावलं तिथे रोज अडखळणार.

पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा होते. कागदावर बी१ असलं तरी तिथे काय येतं त्यावर वर्ग मिळतो. एक पायरी खालचा वर्ग मिळाला तर खट्टू होऊ नकोस, मुकाट्याने बस. वर्गात चीनचे विद्यार्थी भरपूर असतात, कारण त्यांच्यासाठी इटालियन विद्यापीठांच्या मार्को पोलो आणि तुरांदोत या वेगळ्या योजना आहेत. शिवाय रोमला धर्मशास्त्र शिकायला निघालेले आफ्रिकेतले पाद्री, लॅटिन अमेरिकेतून आजोबांची भाषा शोधत आलेली मुलं, निवृत्त जर्मन बायका. यांच्यात सामाईक भाषा एकच, मोडकंतोडकं इटालियन. मधल्या सुट्टीत कॉफी पितानाही तेच बोलावं लागतं. वर्गातल्या चार तासांपेक्षा मला या सुट्ट्यांनी जास्त शिकवलं.

एक उदाहरण देते. उंब्रियात (पेरूजाचा प्रांत) आणि तोस्कानात (फ्लॉरेन्स-सिएनाचा प्रांत) पाव अळणी असतो, मीठच नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं बेकरीवाल्याचं काहीतरी चुकलंय, म्हणून विचारलं. त्या बाईंनी गिऱ्हाइकं खोळंबवून मला गोष्ट सांगितली. १५४० साली पोप तिसऱ्या पॉलने मिठावर कर वाढवला, शहराने बंड केलं, पोपच्या फौजेने ते मोडलं, आणि तेव्हापासून आम्ही पावात मीठ घालत नाही. पावाचा आणि त्या कराचा संबंध कागदोपत्री किती टिकतो यावर इतिहासकार वाद घालतात. पण बंड खरं आहे, आणि त्यानंतर पोपने गावाच्या उरावर बांधलेला रोक्का पाओलिना किल्लाही खरा आहे. पूर्वी शहरावर सत्ता गाजवणाऱ्या बाल्योनी घराण्याची घरं, गल्ल्या, सगळं त्या किल्ल्याच्या पोटात गेलं. आज त्यातूनच सरकते जिने जातात आणि लोक बस पकडायला त्या पुरलेल्या गल्लीतून चालतात. मी ही गोष्ट पुढे संस्कृतीच्या वर्गात ऐकली तेव्हा ती मला पावाच्या दुकानातून आधीच पाठ होती. दुकानात इंग्रजीत विचारलं असतं तर 'मीठ नाही' एवढंच उत्तर मिळालं असतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. शिकवण्याची भाषा, राहण्याची भाषा आणि भाजी घ्यायची भाषा जिथे एकच असेल तिथे जा. नाव मोठं की लहान हा त्यानंतरचा प्रश्न.

टिवल्या

वाचनखूण साठवली आहे. मेधाताई, रोक्का पाओलिनावर वेगळा धागा काढाच.

पंचगंगा

फ्लॉरेन्समध्ये कामानिमित्त राहतो, त्यामुळे अमेरिकन कार्यक्रमांबद्दल लिहितो.

त्यांना उगाच कमी लेखू नये. स्मिथ कॉलेजच्या मुली १९३१ पासून इथे वर्षभर राहून शिकतात, सिराक्यूज विद्यापीठ १९५९ पासून आहे. काही कार्यक्रम तर कडक आहेत. मिडलबरी या अमेरिकन कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थ्याला शपथ घ्यावी लागते की इथे असेपर्यंत इटालियनशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही. ज्यांना भाषेत पारंगत व्हायचंय त्यांना ते उत्तमच. पण बहुतेक कार्यक्रम अमेरिकन विद्यार्थ्यांच्या गरजेवर बेतलेले आहेत. त्यांना एक सत्र, ठरावीक श्रेयांक, कलेच्या इतिहासाचे दोन पेपर आणि सुरुवातीचं इटालियन हवं असतं. ते श्रेयांक त्यांच्या विद्यापीठात जमा होतात. सायली, तुझे कुठे जमा होणार? एम.ए. तर संपलेलं असेल.

शिवाय फ्लॉरेन्सच्या मधल्या भागात इटालियन बोलायचा हट्ट धरावा लागतो. तुम्ही इटालियनमध्ये विचारता, समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. त्याचाही नाइलाज आहे, दिवसभर पर्यटकच असतात. गाव सोडून जरा बाहेर, रिफ्रेदीकडे वगैरे राहिलं तर चित्र वेगळं.

कुठेही शिकलीस तरी फ्लॉरेन्सला ये, आणि कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकापर्यंत चालत जा. उद्यान साडेतीन किलोमीटर लांब आहे, बहुतेक लोक अर्ध्यातून परततात. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर आमच्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती शहरात दहनाची खास परवानगी काढावी लागली आणि नदीच्या संगमावर अग्नी दिला गेला. १८७४ साली छत्रीखाली अर्धपुतळा बसवला, चार बाजूंना चार भाषांत लेख कोरले. शेजारच्या मोठ्या पुलालाही त्यांच्यावरूनच नाव पडलंय, पोंते अल्लिंदियानो. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. मी प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो. मूर्तीकडे बघताना गळ्याशी येतं.

आदित्य_प

मेधाताईंच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, पण निष्कर्षाशी नाही.

परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात वर्गात सगळे परकेच. इटालियन विद्यार्थी भेटतात ते बाहेर, भेटले तर. (तिथे इटालियन मुलंही काही पदव्या शिकतात हे माहीत आहे, पण भाषेच्या वर्गात ती नसतात.) मी अदलाबदल योजनेतून बोलोन्याला होतो. १०८८ ही त्या विद्यापीठाच्या स्थापनेची परंपरेने मानलेली साल, पण तिथलं आजचं जगणं म्हणजे विद्यार्थ्यांचंच राज्य. खोलीत तिघं इटालियन मुलं, एक पुल्या प्रांताचा, दोघं मार्के प्रांताचे. भांडी कोणी घासायची यावरून जी भांडणं झाली त्यात माझी भाषा तयार झाली.

आणि परीक्षा! आपल्याकडे तीन तास उत्तरपत्रिका भरायची सवय. तिथे बहुतेक पेपर तोंडी. प्राध्यापक समोर, मागच्या बाकांवर तुमच्यासारखेच घाबरलेले इतर विद्यार्थी ऐकत बसलेले. ते पुस्तकातलं कुठलंही प्रकरण काढतात आणि म्हणतात, बोला. तीसपैकी गुण, अठराला पास, फारच सुरेख बोललात तर तीस आणि वर शाबासकी. पडलेले गुण पटले नाहीत तर ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. एखाद्या विषयावर वीस मिनिटं सलग, मुद्देसूद इटालियन बोलणं ही जी ताकद येते ती भाषेच्या वर्गात येत नाही. संशोधन करायचं असेल तर सायलीने तिथल्या नेहमीच्या विद्यापीठात दोन वर्षांच्या पदवीलाच जावं असं मला मनापासून वाटतं.

एक धोक्याची सूचना. बोलोन्यात खोली मिळणं महाकठीण आहे. माझ्या एका मित्राने भारतातूनच आगाऊ पैसे पाठवले, पोचल्यावर कळलं की तशी खोलीच नव्हती. प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाने बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

मेधा_व

आदित्य, तोंडी परीक्षेबद्दल शंभर टक्के बरोबर. पण बी१ वर त्या बाकावर बसणं म्हणजे पोहता येत नसताना विहिरीत उडी. इटालियनमधून शिकवल्या जाणाऱ्या पदवीला साधारण बी२ मागतात, आणि प्रत्यक्ष निभवायला त्याहून जास्त लागतं. माझ्या मते क्रम असा: आधी भाषा, मग पदवी.

गौरी_भाषाशिक्षिका

मी पुण्यात इटालियन शिकवते. स्वतः सिएनाला शिकलेय, तेव्हा सिएनाची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी!

सिएनाला परदेशी लोकांसाठीचे वर्ग १९१७ पासूनचे. तिथली प्रमाणपत्र परीक्षा चिल्स, पेरूजाची चेली. याशिवाय दान्ते अलिगिएरी सोसायटीची प्लिदा आणि रोमा त्रे विद्यापीठाची परीक्षा. चारही अधिकृत आहेत, कुठलीही चालते. फक्त नावांचा गोंधळ सांभाळ. चेली ३ म्हणजे बी२, आणि चिल्स तीन म्हणजे सी१. अर्जात चुकीचं लिहून बसलेले विद्यार्थी मी पाहिलेत.

मराठी माणसाला इटालियन जमतं, आणि लवकर जमतं. त आणि द आपल्यासारखेच दंत्य, र खणखणीत. 'पक्का' आणि 'सत्तर' म्हणणाऱ्याला जोडव्यंजनं शिकवावी लागत नाहीत, इंग्रजीभाषकांचा त्यात महिनाभर जातो. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचंही आपल्याला नवल नाही. मला सगळ्यात मजा वाटते ती भूतकाळाची. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' असं आपलं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इटालियनमध्ये कर्माचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की नेमकं तेच होतं. वर्गातले युरोपियन तिथे ठेचकाळतात, आपली मुलं सहज पुढे जातात. अडतं ते उपपदांशी आणि त्यांना चिकटलेल्या शब्दयोगींशी, कारण मराठीत उपपदच नाही. त्याला रोजचा सरावच हवा.

सायली, तुझ्या कामासाठी एक खास गोष्ट. जुन्या पत्रांत भूतकाळ 'पासातो रेमोतो'मध्ये, म्हणजे संपून गेलेल्या गोष्टींच्या वेगळ्या रूपात असतो. उत्तर इटलीत बोलण्यात तो जवळजवळ ऐकूच येत नाही, तोस्कानात अजून लोकांच्या तोंडी आहे. सास्सेत्ती तोस्कानाचाच. सिएनाच्या बाजारात तुला त्याच्या क्रियापदांची रूपं जिवंत ऐकायला मिळतील.

आणि पालिओ. २ जुलै आणि १६ ऑगस्टला कांपो चौकात घोड्यांची शर्यत होते, दीड मिनिटही चालत नाही. पण गावातले सतरा मोहल्ले वर्षभर तिच्यासाठी जगतात. प्रत्येकाचं देऊळ, संग्रहालय, झेंडा वेगळा, मुलांना आपापल्या कारंज्यावर मोहल्ल्याची दीक्षा देतात. आदल्या रात्री रस्त्यात लांबच लांब टेबलं मांडून जेवण असतं आणि पैसे भरून बाहेरच्यांनाही बसता येतं. मी बसले होते. शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या मोहल्ल्याची गाणी एकेक ओळ करून म्हणायला लावली. घोडा देवळात नेऊन त्याला आशीर्वाद देतात, 'जा, आणि जिंकून ये' म्हणतात. जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यती बघितलेल्या आपल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

श्रीरंग_काका

मुलीला नुकतंच पाठवलं आहे, तेव्हा कागदपत्रांचं लिहितो. कोरडं आहे पण याच्यावाचून काही नाही.

नव्वद दिवसांपेक्षा कमी मुदतीचा कोर्स असेल तर शेंगेन व्हिसा, जास्त असेल तर डी प्रकारचा विद्यार्थी व्हिसा. पदवीला जायचं असेल तर आधी युनिव्हर्सिटाली संकेतस्थळावर पूर्वनोंदणी. पदवी प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारच्या शिक्षण खात्याचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी ग्वाही) लागतो. यात वेळ जातो, निकाल लागताच सुरुवात करावी. शिवाय विद्यापीठ सांगेल त्याप्रमाणे वाणिज्य दूतावासाचं 'दिकियारात्सिओने दि व्हालोरे' (आपली पदवी तिथे कशाच्या तोडीची हे सांगणारं पत्र) किंवा चिमेया संस्थेचं तुलनापत्र. दोन्हींपैकी काय हवं ते विद्यापीठाला ईमेलवर विचारून लेखी घ्या.

तिथे उतरल्यावर आठ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. पोस्टात पिवळ्या पट्ट्याचं पाकीट मिळतं, ते भरून पोस्टातच द्यायचं. १६ युरोचं तिकीट, ३० युरो पोस्टाचे, ४० युरो परवान्याचे आणि ३०.४६ कार्डाचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ११६ युरो. त्या वेळी मिळणारी पावती जिवापाड जपायची. कार्ड हाती यायला कित्येक महिने लागतात, तोवर पावती हाच परवाना. बोटांचे ठसे द्यायला पोलिसांच्या कचेरीत बोलावतात, ती तारीख पावतीबरोबरच मिळते.

आरोग्यविम्याची रक्कम २०२४ पासून एकदम वाढली आहे. सरकारी आरोग्यसेवेत विद्यार्थ्याला आधी वर्षाला १४९ युरोंच्या आसपास भरावे लागत, आता ७०० लागतात. जुने ब्लॉग वाचून हिशेब मांडू नये. खाजगी विमाही चालतो, पण परवान्याच्या अर्जाला तो मान्य आहे ना हे बघून घ्यावा.

विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत. नवी भाषा आणि नोकरी एकदम झेपत नाही.

सायली_नाशिक

किती लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. कोल्हापूरच्या महाराजांचं वाचून ते गप्पच झाले, मग म्हणाले, मलाही बघायचंय ते.

श्रीरंग काका, शिष्यवृत्तीचं काही माहीत आहे का? आणि गौरीताई, वर्षभरात जुनी हस्तलिखितं वाचण्याइतकी तयारी होईल का?

श्रीरंग_काका

दोन प्रकार आहेत. पहिला इटालियन परराष्ट्र मंत्रालयाची शिष्यवृत्ती. ही पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाला मिळते, भाषा-संस्कृतीच्या अभ्यासक्रमांनाही मिळत आलेली आहे. दरवर्षीची जाहिरात वेगळी असते, ती शब्द न् शब्द वाचावी. दुसरा प्रांतिक शिष्यवृत्तीचा. तोस्काना, उंब्रिया, एमिलिया-रोमान्या अशा प्रत्येक प्रांताची स्वतःची संस्था आहे. ती कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून पैसे देते, वसतिगृह आणि जेवणाची सोयही करते. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराला ती मिळू शकते. मात्र ती पदवीच्या विद्यार्थ्यांना असते, नुसत्या भाषेच्या कोर्सला नाही. त्यामुळे तुझं आधी भाषा, मग पदवी असं ठरलं, तर पहिल्या वर्षाचे पैसे घरचे आणि पुढच्याला ही शिष्यवृत्ती, असा हिशेब धरावा लागेल.

गौरी_भाषाशिक्षिका

छापील सोळाव्या शतकातलं गद्य वर्षभरात वाचशील, सी१ पर्यंत नेटाने गेलीस तर. हाताने लिहिलेली पत्रं हा स्वतंत्र अभ्यास आहे. त्यासाठी तिथे फार चांगली सोय आहे: फ्लॉरेन्स, व्हेनिस, बोलोन्या अशा काही शहरांतल्या सरकारी अभिलेखागारांना जोडून जुनी लिपी वाचायला शिकवणाऱ्या शाळा आहेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षेने, आणि शिकवणं अर्थातच इटालियनमध्ये. पदवी करता करता हे करणारे विद्यार्थी असतात. थोडी लॅटिनही लागेल, आत्ताच सुरू कर.

दिवचल_कर

गोव्यातून. सायली, निघायच्या आधी जुन्या गोव्याला येऊन जा. बॉम जेझू बॅसिलिकेत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचा. तोस्कानाचा तेव्हाचा शासक तिसरा कोसिमो मेदिची याने तो भेट दिला, १६९८ साली इथे बसवला. लोक पेटीकडे बघतात, खालच्या रंगीत दगडांच्या जडावाकडे आणि काशाच्या फलकांकडे फारसं कोणी बघत नाही. फलकांवर त्याच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. तिथे फ्लॉरेन्सच्या कार्यशाळेचा हात डोळ्यांनी दिसतो.

आणि कुंकळ्ळीलाही ये. १५८३ साली तिथे गावकऱ्यांनी ज्या पाद्र्यांना मारलं त्यांचा प्रमुख रोदोल्फो आक्वाव्हिव्हा इटालियन होता, अकबराच्या दरबारात राहून आलेला. तुझा सास्सेत्तीही त्याच वर्षी भारतात उतरला. ते पाद्री जेझुइट या ख्रिस्ती संघाचे, आणि रोममधल्या जेझुइट अभिलेखागारात त्या काळच्या गोव्याची पत्रं आहेत. आमची बाजू, ज्यांनी मारलं आणि ज्यांना पुढे त्याची शिक्षा म्हणून मारलं गेलं त्यांची, त्या पत्रांच्या ओळींमधूनच काढावी लागते. ती काढायला भाषा येणारं आपलं माणूस हवं. म्हणून तू जावंस असं मला फार वाटतं.

आदित्य_प

वरचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं. आधी भाषा पक्की कर. बोलोन्या कुठे पळून जात नाही.

सायली_नाशिक

दिवचलकर, दिवाळीच्या सुट्टीत येतेच. कुंकळ्ळीला कोणाला भेटायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घरी बोलून असं ठरलंय: पहिले सहा महिने पेरूजा, तिथे बी२. मग सिएना, सी१ पर्यंत. त्याच दरम्यान पदवीसाठी बोलोन्या आणि फ्लॉरेन्सला अर्ज. अपोस्टिलचं काम निकाल लागला की लगेच. अमेरिकन कार्यक्रमाचा विचार सोडला. मेधाताई, खोलीबद्दल व्यनि केलाय.

मेधा_व

व्यनि बघितला. माझ्या जुन्या घरमालकीणबाई अजून दोन खोल्या विद्यार्थिनींना देतात, विद्यापीठापासून चालत दहा मिनिटं, चढ आहे. त्यांना इंग्रजी येत नाही. विचारते आणि उद्या कळवते. तू तोवर त्यांना इटालियनमध्ये स्वतःची ओळख करून देणारं पत्र लिही आणि आधी गौरीकडून तपासून घे.

गौरी_भाषाशिक्षिका

पाठव, आजच बघते.